एक एप्रिल : दिनविशेषाची पद्धती आणि लोकप्रिय संगीताचा इतिहास

लोकप्रिय संगीताचा इतिहास ज्या अनेक रूपांनी वाचकांपुढे येतो, त्यांत दिनविशेष हे सर्वांत अधिक वाचले जाणारे आणि सर्वांत कमी तपासले गेलेले रूप होय. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातील चौकट, नभोवाणीवरील सकाळचे निवेदन, शाळेच्या फळ्यावर खडूने लिहिलेल्या चार ओळी, अशा ठिकाणी एका तारखेच्या आधाराने काही नावे एकत्र आणली जातात. अमुक दिवशी अमुक गायकाचा जन्म झाला, तमुक तबकडी बाजारात आली, आणखी कोणाचे निधन झाले. सनांचा क्रम सांभाळला की नोंद पुरी झाली. सामान्य वाचकाची जिज्ञासा जागी करण्यापुरता हा प्रकार निरुपद्रवी आहे. परंतु हीच पद्धती संगीतविषयक प्रबंधांच्या परिशिष्टांत आणि कालपटांत मुकाट्याने शिरते, तेव्हा तिची परीक्षा करणे अगत्याचे ठरते. कारण तारीख ही वस्तुनिष्ठ गोष्ट आहे, असे गृहीत धरून संशोधक तिच्यावर विसंबतो. आणि ती तारीख नेमकी कशाची, हे विचारावयाचे राहून जाते.

या परीक्षेसाठी कोणतीही तारीख चालण्यासारखी आहे. येथे १ एप्रिल ही निवडली आहे, याचे कारण त्या तारखेखाली तीन परस्परांहून अगदी भिन्न जातीच्या नोंदी येतात. १९१७ साली या दिवशी अमेरिकन रॅगटाइम संगीताचा अग्रणी रचनाकार स्कॉट जॉप्लिन न्यूयॉर्क येथे मरण पावला. १९५५ साली या दिवशी पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचे पहिले गीत प्रक्षेपित झाले. १९८४ साली या दिवशी गायक मार्विन गे याचा लॉस एंजेलिस येथे वडिलांच्या गोळीने अंत झाला. ज्या दिवशी कोणत्याही वार्तेवर चटकन विश्वास ठेवू नये असा जगभर संकेत आहे, त्याच दिवशीच्या या तिन्ही वार्ता दुर्दैवाने वा सुदैवाने खऱ्या आहेत. तिन्ही नोंदींची तारीख बिनचूक आहे. प्रश्न तिच्या खरेपणाचा नाही, तिच्या अर्थाचा आहे.

प्रथम जॉप्लिनची नोंद घ्यावी. मॅनहॅटन स्टेट हॉस्पिटल या मनोरुग्णालयात त्याचा मृत्यू झाला, तेव्हा त्या गोष्टीची दखल घ्यावी असे फारसे कोणास वाटले नाही. दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी काँग्रेससमोर जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारण्याची मागणी केली. क्वीन्समधील सेंट मायकेल्स दफनभूमीत जॉप्लिनला ज्या जागी पुरले, तिथे १९७४ पर्यंत नावाची शिळाही नव्हती. तेव्हा १ एप्रिल १९१७ हा लोकप्रिय संगीताच्या इतिहासातील ‘क्षण’ आहे असे म्हणताना, हा क्षण त्या काळी कोणाच्याही अनुभवास आला नव्हता, हे लक्षात ठेवले पाहिजे. तो क्षण मागाहून, सुमारे अर्धशतकाने, इतिहासात घातला गेला. १९७० मध्ये जोशुआ रिफ्किन याने पियानोवर वाजविलेल्या जॉप्लिनच्या रचनांची तबकडी निघाली. १९७२ मध्ये ‘ट्रीमोनिशा’ ही त्याची संगीतिका अटलांटा येथे रंगभूमीवर आली. १९७३ च्या अखेरीस ‘द स्टिंग’ या चित्रपटाने त्याचे संगीत घरोघर पोहोचविले. आणि १९७६ मध्ये त्यास मरणोत्तर पुलित्झर सन्मान लाभला. जॉप्लिनच्या मृत्यूला तारखेचे महत्त्व आले ते या घटनांमुळे. तो १९१७ मध्ये वारला, हे १९७० नंतरच्या लोकांना हळहळावयास लावणारे सत्य आहे. १९१७ च्या संगीतव्यवहारात त्याने काही हलले नाही.

याच्या उलट, त्या मृत्यूच्या आगेमागे जे खरोखर हलले, ते या नोंदीत येत नाही. जॉप्लिनचे संगीत कागदावरचे संगीत होते. १८९९ मध्ये सेडेलिया गावातील जॉन स्टार्क या प्रकाशकाने त्याचा ‘मेपल लीफ रॅग’ छापला तो प्रत्येक प्रतीमागे एक सेंट मानधनाच्या करारावर. स्वरलेखनाची छापील प्रत विकत आणावयाची, घरच्या पियानोवर मुलीने वा सुनेने ती वाजवावयाची आणि भोवतालच्या मंडळींनी ऐकावयाची, असा त्या लोकप्रियतेचा मार्ग होता. जॉप्लिनने १९१६ मध्ये पियानोच्या छिद्रांकित कागदी गुंडाळ्यांसाठी वादन केले खरे. परंतु त्याच्या हातचे वादन तबकडीवर मुद्रित झालेले नाही. आणि नेमक्या १९१७ च्या फेब्रुवारी महिन्यात ‘ओरिजिनल डिक्सीलँड जास बँड’ या वादकसंचाने व्हिक्टर कंपनीसाठी ध्वनिमुद्रण केले. जाझ संगीताची पहिली प्रसिद्ध तबकडी म्हणून ती मार्चमध्ये बाजारात आली आणि अमाप खपली. छापील कागदाकडून तबकडीकडे झालेले हे स्थित्यंतर जॉप्लिनच्या मृत्यूहून इतिहासदृष्ट्या कितीतरी मोठे आहे, आणि ते त्याच्या रुग्णशय्येच्या शेवटच्या आठवड्यांत घडत होते. दिनविशेष मात्र स्थित्यंतरे सांगू शकत नाही. त्याला माणसाचा श्वास थांबल्याची तारीख हवी असते.

जॉप्लिनच्या बाबतीत या पद्धतीची आणखी एक फजिती सांगण्याजोगी आहे. त्याचा जन्मदिवस म्हणून २४ नोव्हेंबर १८६८ ही तारीख दीर्घकाळ सर्वत्र छापली गेली आणि त्या दिवशीच्या दिनविशेषांत ती अद्यापही आढळते. परंतु जुलै १८७० च्या खानेसुमारीत जॉप्लिन कुटुंबातील या बालकाचे वय दोन वर्षे नोंदलेले आहे. नोव्हेंबर १८६८ मध्ये जन्मलेले मूल जुलै १८७० मध्ये दोन वर्षांचे होत नाही, हे बेरीज-वजाबाकी येणारा कोणीही सांगेल. गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या समाजातील मुलाच्या जन्माची तारीख कोणी टिपून ठेवली नव्हती, हेच खरे ऐतिहासिक तथ्य आहे; आणि रिकामी राहिलेली ती जागा तारीख भरून झाकणे म्हणजे त्या तथ्याचा लोप करणे होय. ज्यांच्या घरी जन्मपत्रिका वा बाप्तिस्म्याची वही होती, त्यांचाच इतिहास दिनविशेषात सहज बसतो. लोकप्रिय संगीत घडविणाऱ्या माणसांचा मोठा वर्ग या घरांबाहेरचा होता, हे येथे मुद्दाम सांगण्याची गरज नाही.

मार्विन गे याच्या नोंदीचा विचार थोडक्यात आटोपता येईल. १ एप्रिल १९८४ ही त्याच्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवसाची तारीख आहे, आणि पित्याच्या हातून पुत्राचा वध ही घटना इतकी दारुण आहे की तिने त्याच्या गायनावर कायमची छाया टाकली. परंतु ही घटना चरित्रातील आहे, संगीतातील नव्हे. संगीतातील घटना शोधावयाची तर १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या गीताकडे आणि त्याच नावाच्या तबकडीकडे वळले पाहिजे. आणि तेथे दिनविशेषाची वेगळीच अडचण होते. ते गीत कोणत्या दिवशीचे? मूळ कल्पना ‘फोर टॉप्स’ या गायकसंचातील रेनाल्डो बेन्सन याची. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे तरुणांवर झालेला पोलिसी अत्याचार पाहून ती त्याला सुचली. मुद्रण १९७० मध्ये डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत झाले, पण तेही एका बैठकीत नव्हे. वाद्यांचा ठेका एका वेळी, मुख्य गायन दुसऱ्या वेळी, तंतुवाद्यांचा मेळ आणखी निराळ्या वेळी, असे पदर एकावर एक चढविले गेले. त्या गीताचा जो विशेष आज सर्वांच्या कानात बसला आहे, तो म्हणजे गे याचा स्वतःशीच संवाद करणारा दुहेरी आवाज. दोन निरनिराळ्या वेळी गायिलेले पाठ तुलनेसाठी हाताशी ठेवले असता ते अनवधानाने एकत्र वाजले, ते त्याला आवडले, आणि तसेच ठेवले गेले. म्हणजे श्रोत्याला एका क्षणी ऐकू येणारे ते गाणे कोणत्याही एका क्षणी गायिले गेलेलेच नाही. कंपनीचा प्रमुख बेरी गॉर्डी याला ते पसंत नव्हते, त्यामुळे ते काही महिने पडून राहिले आणि जानेवारी १९७१ मध्ये बाजारात आले. ही शेवटची तारीख दिनविशेषात जाते. ती दुकानाची तारीख आहे, गाण्याची नव्हे.

छापील स्वरलेखनाच्या काळी मृत्यूची तारीख संगीताच्या बाहेर राहिली, आणि बहुपदरी ध्वनिमुद्रणाच्या काळी निर्मितीची तारीखच विरघळून गेली. या दोन टोकांमध्ये नभोवाणीचा एक काळ येतो, जेव्हा गाण्याला खरोखरच दिवस, वार आणि घटका होती. १ एप्रिल १९५५ च्या नोंदीचे महत्त्व त्यात आहे. आणि मराठी अभ्यासकाला ही नोंद जवळची आहे म्हणून नव्हे, तर तारीख आणि कलाकृती यांचा आंतरिक संबंध या तिहींपैकी केवळ येथेच सापडतो म्हणून तिचा विस्ताराने विचार करावयाचा आहे.

पार्श्वभूमी सर्वपरिचित असली तरी तिच्यातील विसंगती सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. १९५२ ते १९६२ या काळात केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्रिपद बा. वि. केसकर यांच्याकडे होते, आणि त्यांच्या धोरणामुळे चित्रपटगीतांना आकाशवाणीची दारे जवळजवळ बंद झाली होती. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. चित्रपटगीताची उणीव भरून काढण्यासाठी आकाशवाणीच्या केंद्रांनी सुगम संगीताला उत्तेजन द्यावयास आरंभ केला. पुणे केंद्र तेव्हा नवेच होते. त्याचे उद्घाटन २ ऑक्टोबर १९५३ रोजी झाले होते. या केंद्रावरील सीताकांत लाड यांच्या आग्रहातून गीतरामायणाची योजना निघाली, आणि ती सिद्धीस नेणारे दोघेही, ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके, चित्रपटसृष्टीत मुरलेले कारागीर होते. चित्रपटसंगीताला दूर सारणाऱ्या संस्थेला तिची सर्वांत लोकप्रिय कृती चित्रपटाच्याच कार्यशाळेतून मिळाली. प्रसंग दिला की त्यास अनुरूप गीत हुकमी वेळेत लिहून देण्याची माडगूळकरांची हातोटी आणि मोजक्या स्वरावलीत पात्राचा स्वभाव उभा करण्याची फडके यांची शक्ती, या दोन्ही गोष्टी चित्रपटाच्या धकाधकीत तयार झालेल्या होत्या. धोरण आखणाऱ्यांना ‘शुद्ध’ आणि ‘हीन’ यांमध्ये जी भिंत उभारावयाची होती, ती या मालिकेने न बोलता ओलांडली.

पहिले गीत शुक्रवार, १ एप्रिल १९५५ रोजी सकाळी पावणेनऊ वाजता प्रक्षेपित झाले. त्यानंतर दर शुक्रवारी एक नवे गीत आणि शनिवारी व रविवारी त्याच वेळी त्याचेच पुनःप्रक्षेपण, असा क्रम होता. वेळ पंधरा मिनिटांची. ही पंधरा मिनिटे कलादृष्ट्या निर्णायक ठरली, असे म्हणावयास हरकत नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे मावे. त्या काळच्या भावगीताचा एक मुखडा आणि दोन-तीन अंतरे हा बांधा त्या मर्यादेतून पक्का झाला होता. नभोवाणीच्या वेळेने ती मर्यादा काढून टाकली. कडव्यामागून कडवे घेत पात्राचे म्हणणे पूर्ण होईपर्यंत गाणे चालू देण्याची मुभा माडगूळकरांना मिळाली, आणि फडके यांना प्रत्येक कडव्याची चाल किंचित वळवून आशयाबरोबर नेण्यास अवकाश लाभला. गीतरामायणाला भावगीत म्हणावे की आख्यान, हा वाद मग निरर्थक होतो. त्याची लांबी कीर्तनातल्या पदाला जवळची आहे, त्याची बांधणी भावगीताची आहे, आणि ही सांगड घड्याळाने घातली आहे.

आठवड्याच्या अंतराने एक गीत ऐकावयाचे, या व्यवस्थेचा दुसरा परिणाम निवेदनपद्धतीवर झाला. एखाद्या श्रोत्याचा एक शुक्रवार चुकला तरी पुढचे गीत त्याला स्वतंत्रपणे कळले पाहिजे. रामकथा सर्वांना ठाऊक असल्यामुळे कथासूत्र तुटण्याची भीती नव्हती. पण गीताला स्वतःचा प्राण हवा होता. म्हणून प्रत्येक गीत कोणा ना कोणा पात्राच्या तोंडी आले आहे. कौसल्या, दशरथ, सीता, भरत, कधी नावाडी, कधी शूर्पणखा, अशा निरनिराळ्या आवाजांतून कथा पुढे सरकते. आणि त्या आवाजांना माणिक वर्मा, मालती पांडे, ललिता फडके, वसंतराव देशपांडे, राम फाटक यांच्यासारखे निरनिराळे गळे लाभले होते. ज्या गीतांत पात्र एखाद्या पेचात सापडले आहे, ती गीते आजही ताजी वाटतात. वनात भेटावयास आलेल्या भरताचे राम सांत्वन करतो ते गीत याचे उत्तम उदाहरण होय. ज्या ठिकाणी केवळ घटना सांगून पुढे जावयाचे होते, विशेषतः युद्धकांडातील काही गीतांत, तेथे शब्दांचा नाद मोठा आणि अनुभव बेताचा, असे झाले आहे. आठवड्याचा वायदा पाळताना हे अटळ होते. फडके यांच्या एकट्याच्या आवाजात पुढे ही गीते सर्वत्र गाजली, त्यामुळे मूळ प्रक्षेपणातील अनेक आवाजांचे हे नाट्य पुष्कळसे विस्मरणात गेले आहे. आणि गीतरामायण म्हणजे एका गायकाची मैफल अशी जी समजूत रूढ झाली, ती इतिहासाला धरून नाही.

आता तारखेचा प्रश्न. दिनविशेष लिहिणारा ‘१ एप्रिल १९५५’ असे लिहून थांबतो. परंतु ही मालिका १ एप्रिलला सुरू झाली ती १ एप्रिल होता म्हणून नव्हे, तर त्या दिवशी रामनवमी होती म्हणून. सरकारी खात्यांना १ एप्रिल ही तारीख आर्थिक वर्षारंभाची म्हणून प्रिय असते. या देशातील नभोवाणी खाजगी कंपनीकडून सरकारच्या ताब्यात आली तीही १ एप्रिल १९३० रोजी. तो मेळ मात्र येथे निव्वळ योगायोगाचा. गीतरामायणाचा आरंभ चैत्र शुद्ध नवमीला झाला, आणि त्याच दुपारी गावोगावच्या राममंदिरांत नेहमीप्रमाणे जन्माचे कीर्तन होऊन पाळणा हलला. नभोवाणीने त्या परंपरागत सोहळ्यापूर्वी तीन-सव्वातीन तास आपली जागा घेतली होती.

तिथी ही येथे केवळ मुहूर्तापुरती आलेली नाही. तिने कृतीचा आकार ठरविला. मूळ योजना ५२ गीतांची होती, म्हणजे इंग्रजी वर्षाच्या आठवड्यांइतकी. परंतु १९५५ साली भाद्रपद अधिक आला. रामनवमीपासून रामनवमीपर्यंत मालिका चालवावयाची तर बावन्न गीते पुरणार नव्हती. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. १ एप्रिल १९५५ पासून मोजल्यास बावन्नावा शुक्रवार २३ मार्च १९५६ रोजी येतो, आणि तेव्हा फाल्गुनही संपलेला नव्हता. पुढची रामनवमी १९ एप्रिल १९५६ रोजी, म्हणजे आरंभापासून ३८४ दिवसांनी आली. इतक्या अवधीत १३ एप्रिलचा शुक्रवार धरून ५५ शुक्रवार बसतात. रामनवमीचा दिवस मात्र गुरुवार होता. पंचावन्न शुक्रवार आणि एक गुरुवार मिळून छप्पन्न, आणि गीतांची अंतिम संख्याही छप्पन्नच आहे. चार गीते वाढली ती कवीच्या प्रतिभेच्या उधाणाने नव्हे, आकाशवाणीच्या औदार्यानेही नव्हे. पंचांगातील एका अधिक महिन्याने ती लिहवून घेतली. आठवड्याच्या ठराविक वाराची शिस्तही शेवटच्या दिवशी तिथीपुढे नमली. लोकप्रिय संगीताच्या इतिहासात एखाद्या कृतीची लांबी चंद्राच्या गतीने ठरल्याची दुसरी उदाहरणे शोधावी लागतील.

या दृष्टीने मालिकेची रचनाही पाहण्याजोगी आहे. पहिल्या गीतात कुश आणि लव प्रत्यक्ष रामापुढे रामायण गातात. शेवटच्या गीतात वाल्मीकी त्या दोघा बालकांना रामायण गाण्याची आज्ञा करतात. म्हणजे कथेच्या क्रमाने जे गीत सर्वांत अखेर आले, ते पहिल्या गीताच्या अगोदरच्या क्षणाचे आहे. छप्पन्नावे गीत संपले की पुन्हा पहिलेच सुरू व्हावयास हवे. वाल्मीकिरामायणातच या वर्तुळाचे बीज आहे हे खरे; पण रामनवमीला उघडून रामनवमीला मिटणाऱ्या मालिकेत त्याला नवा अर्थ येतो. तारीख पुढे पुढे जाते, तिथी फिरून येते. ‘प्रथमच’ आणि ‘पहिल्यांदा’ या शब्दांवर जगणाऱ्या दिनविशेषाला ही फिरून येण्याची गती टिपता येत नाही.

एक बारकावा येथे नोंदविला पाहिजे, कारण तो वरील विधानाला मर्यादा घालतो. रामजन्माचे गीत, जे आज रामनवमीच्या दिवशी हटकून ऐकविले जाते, ते रामनवमीला प्रथम प्रक्षेपित झालेले नाही. कथेचा क्रम सांभाळण्यासाठी अयोध्येचे वर्णन, कौसल्येची अपत्यहीनतेची व्यथा, यज्ञातून पायसाचे दान हे सारे आधी यावयाचे होते. त्यामुळे जन्मगीताला काही शुक्रवार थांबावे लागले, आणि ते ऐकू आले तेव्हा चैत्र शुद्ध नवमी केव्हाच उलटून गेली होती. चैत्रातील नवमीच्या भर दुपारचे वर्णन करणारे ते गीत कथेच्या हिशेबाने आपल्या जागी आणि पंचांगाच्या हिशेबाने भलत्या दिवशी आले. श्रोत्यांनी पुढे ते उचलून योग्य तिथीवर नेऊन ठेवले. या गीताचा ‘दिवस’ कोणता म्हणावा? प्रथम प्रक्षेपणाची तारीख कागदपत्रांत मिळेल, आणि ती कोणालाही आठवत नाही. जो दिवस सर्वांना आठवतो, तो गीताच्या वापराने त्याला दिलेला आहे. लोकप्रिय संगीताचे मर्म पुनरावृत्तीत आहे, हे एकदा मान्य केले म्हणजे या दुसऱ्या दिवसाची नोंद करणारे इतिहासलेखन कसे असावे, हा खरा विचारणीय प्रश्न उरतो.

मराठी समाजाला या प्रश्नाचे भान नव्हते असे मात्र नाही. भिंतीवर टांगलेली दिनदर्शिका एकाच चौकटीत तारीख आणि तिथी दोन्ही छापते, आणि कोणती गोष्ट कोणत्या मापाने मोजावयाची हे घरातील माणसे न शिकविता जाणतात. तुकारामांच्या निर्याणाचा दिवस फाल्गुन वद्य द्वितीया. ती ‘बीज’ या एका शब्दाने ओळखली जाते, आणि तिची इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते याची कोणास अडचण वाटत नाही. बालगंधर्वांची जयंती मात्र २६ जूनला आणि पुण्यतिथी १५ जुलैला होते. ‘पुण्यतिथी’ या शब्दातील तिथी तेथे नावापुरती उरली आहे. एका परंपरेचा गायक तिथीने स्मरला जातो आणि दुसरीचा तारखेने, हा भेद केवळ सवयीचा नाही. वारकऱ्याचे भजन ऋतूच्या चक्राशी बांधलेले आहे. नाटकाचा आणि तबकडीचा व्यवहार जाहिरातीच्या, तिकिटाच्या आणि कराराच्या तारखेशी. गीतरामायण या दोन्ही व्यवहारांच्या सीमेवर उभे आहे. नभोवाणीच्या कार्यक्रमपत्रिकेत त्याला वार आणि वेळ होती. पुण्यातील वृत्तपत्रे दर आठवड्याचे गीत छापीत. आणि तरीही ज्या घरांतून ते ऐकले गेले, तेथे रेडिओसंचापुढे उदबत्ती लावून बसण्याची वृत्ती होती, ती उत्सवाची वृत्ती होय. पुस्तकरूपाने त्याची पहिली आवृत्ती १९५७ मध्ये निघाली तीही विजयादशमीचा दिवस साधून.

यावरून कालपट तयार करणाऱ्या अभ्यासकाने तारखा टाकून द्याव्यात, असे सुचविण्याचा हेतू नाही. हेतू एवढाच, की प्रत्येक तारखेपुढे ती कशाची आहे हे स्पष्ट लिहिले जावे: मरणाची, मुद्रणाची, विक्रीची, प्रक्षेपणाची, की स्मरणाची. जॉप्लिनच्या नोंदीत १९१७ च्या जोडीला १९७० ते १९७६ ही वर्षे आली पाहिजेत, आणि जन्माच्या रकान्यात तारखेऐवजी खानेसुमारीतील वय. मार्विन गे याच्या नोंदीत १९७१ च्या तबकडीपुढे एकच तारीख देण्याचा मोह आवरला पाहिजे. गीतरामायणाच्या नोंदीत चैत्र शुद्ध नवमी ही तिथी तारखेच्या आधी लिहिली पाहिजे. आणि १९ एप्रिल १९५६ ही समाप्तीची तारीख, जी दिनविशेषांत बहुधा आढळत नाही, तिला आरंभाइतकेच स्थान दिले पाहिजे. कारण मालिकेचा आकार ज्या गणिताने ठरला, त्याचे उत्तर त्या दुसऱ्या तारखेत आहे.

सुधीर फडके यांनी पुढे अनेक वर्षे गीतरामायणाचे जाहीर कार्यक्रम केले, आणि त्यांच्यामागे श्रीधर फडके यांनी ते चालू ठेवले. रामनवमीचे दिवस हे या कार्यक्रमांचे हक्काचे दिवस झाले. १ एप्रिलची आठवण त्यासाठी कोणी ठेवली नाही. चांद्र आणि सौर मानांचा मेळ सुमारे १९ वर्षांनी पुन्हा बसतो, एखाद्या दिवसाचा फरक पडला तर पडतो. असे तीन फेरे पूर्ण झाल्यावर, २०१२ साली, रामनवमी पुन्हा १ एप्रिललाच आली. वार मात्र शुक्रवार नव्हता. रविवार होता, म्हणजे १९५५ च्या क्रमाप्रमाणे पुनःप्रक्षेपणाचा.